वार विचारणारी बाई

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमध्ये औषध घ्यायचं म्हणजे आधी तोंडी परीक्षा. फार्मासिस्ट बाई पाकीट समोर धरायच्या, गिऱ्हाईक हात लावायचं, पण बाईंची चिमटी काही सुटायची नाही.

"कधी घ्यायची? तुम्ही सांगा."

बरोबर सांगितलं की पाकीट सुटायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. "अहो बाई, औषध न्यायला आलोय, शाळेत नाव घालायला नाही!" घाईतली माणसं करवादायची. कुणीतरी त्यांचं नाव वारबाई पाडलं आणि तेच चिकटलं.

समोरच्या गाळ्यात शिवणमावशींचं मशीन होतं. पडद्यांपासून कोटांपर्यंत काहीही शिवायच्या, पण बोटांचे सांधे सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे झाले होते. त्यावर एक बारीक पिवळी गोळी होती. आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर तीच गोळी माणसाला आतून करपवते.

"मावशी, वार कोणता?"

"गुरुवार."

"शुक्रवारी फार ठणकलं तर?"

"तर तुला शिव्या देईन, गोळी नाही घेणार. सोड गं पाकीट, काज करायची राहिलीत माझी."

पाकिटावर वारबाई वार कधी लिहीत नसत. "कागदावरचं कोण वाचतंय? चष्मा घरी असतो. तोंडातून गेलेलं डोक्यात राहतं," असं त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं त्यांचे डोळे पाकिटावर औषध बघायचे, ताकद बघायचे, नाव बघायचे. वार बघायचं काम कानांचं.

मग कायदा बदलला. आजवर प्रत्येक दुकानात फार्मासिस्ट हजर लागायचा. आता एकाने कॅमेऱ्यावरून पाच दुकानं सांभाळली तरी चालणार होतं. जनसुनावणी झाली. वारबाई बोलायला उभ्या राहिल्या.

"साहेब, गिऱ्हाइकाचा चेहरा बघावा लागतो. त्याला कळलंय की नाही ते..."

"चेहरा दिसेल ना, ताई. कॅमेरा उत्तम प्रतीचा आहे."

"पण ऐकू..."

"भावना पोचल्या. पुढचे कोण?"

मालकांनी पेढीवरची खुर्ची काढली आणि वारबाईंना वरच्या मजल्यावर बसवलं. समोर पाच पडदे. दुकानातून लेबल मंजुरीला आलं की तपासून हिरवं बटण दाबायचं. आवाज एका वेळी एकाच दुकानाचा. बाकीची चार मुकी. नवऱ्याला ही बढती वाटली. "पंख्याखाली बसून टीव्ही बघायचा पगार! आणखी काय हवं?"

"टीव्हीवरच्या माणसांना मी औषध देत नाही," वारबाई म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवून उठल्या.

नियमात पांढरा कोट आला होता, वर एकट्याने बसलं तरी. मिळालेल्या कोटाच्या बाह्या कोपरापासून लोंबायच्या. तो त्यांनी मावशींकडे टाकला. मावशी म्हणाल्या, "वर चढलीस तशी रोडावलीस गं. आता वार कोण विचारणार मला?"

"तुम्हाला पाठ आहे की."

"पाठ आहे गं. पण विचारलं की बरं वाटायचं."

त्या महिन्यात डॉक्टरांनी मावशींचं औषध वाढवलं. आठवड्याला एकाऐवजी दोन गोळ्या. काउंटरवरच्या नव्या बाईने चिठ्ठी बघून यंत्रात भरलं. यंत्रात 'रोज' हा शब्द आधीच बसलेला असायचा. तो मुद्दाम बदलावा लागे. तिने बदलला नाही.

वर त्या वेळी दुसऱ्या दुकानाच्या पडद्यावर तापलेलं लेकरू कडेवर घेऊन एक बाप भांडत होता, आणि आवाज त्याचा चालू होता. लेबल आलं. औषध बरोबर. ताकद बरोबर. नाव बरोबर. वारबाईंनी हिरवं बटण दाबलं. पडद्यावर मावशी मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत होत्या. ओठ हलले, हात हलला. वारबाईंनीही हात हलवला. आपला हात खाली कुणाला दिसत नाही, हे त्यांना नंतर आठवलं.

दहाएक दिवसांनी मावशी पुन्हा पडद्यावर दिसल्या तेव्हा त्या काउंटरला टेकून उभ्या होत्या. तोंड उघडून बोट आत दाखवत होत्या. काउंटरवरची बाई तोंड आल्यावरचं मलम शोधत होती. वारबाईंनी आवाज चालू केला.

"...नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून पाणीसुद्धा गिळवत नाही गं बाई..."

वारबाई जिन्यावरून धावत आल्या. पाकीट हिसकावून लेबल वाचलं. 'रोज दोन गोळ्या.' त्या रिक्षा थांबवायला रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या.

इस्पितळात मावशींचे ओठ चिरा पडून फुटले होते. अंगावर जांभळे डाग. मावशींच्या भाच्याने स्टूल पुढे केलं, पण वारबाई उभ्याच राहिल्या.

"मावशी, गुरुवार पाठ होता ना तुम्हाला? रोज कशाला घेतली?"

मावशींना शब्द जड जात होते. "लिहिलं होतं रोज. मी विचारलं ना तुला... कॅमेऱ्यात बघून. तू काही बोलली नाहीस. म्हटलं, बाई वरून बघतेय. चुकीचं असतं तर सोडलं असतं का तिने पाकीट?"

मावशी दोन दिवसांनी गेल्या.

चौकशी नीट झाली. पाणी दिलं, खुर्ची दिली.

"लेबलला मंजुरी तुम्ही दिलीत?"

"दिली. पण मला ऐकू येत नव्हतं."

"ऐकू येण्याची तरतूद नियमात एका वेळी एका दुकानापुरतीच आहे. तिचं पालन झालं होतं?"

"झालं होतं."

"मग नियमाचा दोष नाही," अधिकारी शांतपणे म्हणाले, आणि वारबाईंची नोंदणी स्थगित झाली.

चूक नव्हतीच, असं त्यांनाही म्हणता येत नव्हतं. बटणावरचं बोट त्यांचंच होतं.

मालकांनी दुसरी फार्मासिस्ट आणली. कॉलेजातून नुकतीच सुटलेली, हसरी. पडदेही वाढवले, सरकारने आता आठ दुकानांना परवानगी दिली होती.

भाचा गाळा रिकामा करत होता. वारबाई दिसल्या तसा आतून पांढरा कोट घेऊन आला.

"मावशीने एकच बाही आखूड केलीय. दुसरीला नुसतीच टाचणी आहे. असाच नेता का?"

वारबाईंनी कोट घेतला. समोर दुकानात कुणीतरी पाकीट उचललं आणि काही न विचारता, न सांगता, चालू लागलं. वारबाईंच्या तोंडाशी प्रश्न आला. तो विचारायचा अधिकार आता त्यांना नव्हता. त्या टाचणी चिमटीत धरून उभ्या राहिल्या.