राहीच्या नाचाचं बक्षीस

गंगाराम शिपायाची खोली रत्नागिरीत नाचणे रोडला आणि त्याची मुलगी नाचात हुशार. यावर जेवढे विनोद करणं शक्य होतं, तेवढे कचेरीतल्या कारकुनांनी पहिल्या महिन्यातच करून संपवले. गंगारामही त्यांच्याबरोबर हसायचा. तेव्हा त्याला हसणं परवडत होतं.

तो मूळचा देवरूखच्या पुढच्या फणसवाडीचा. गणपतीत फणसवाडीची जाखडी निघाली की त्यात गंगाराम हवाच. शाहीर मधे बसून गाणार आणि बाप्ये पायात चाळ बांधून त्याच्याभोवती गोल धरून नाचणार. गंगारामाचा काका भागोजी हा त्या मेळ्याचा म्होरक्या. सत्तरीकडे झुकला तरी पहिला गोल त्याचाच. पायाचं हे वेड घराण्यातच होतं, आणि ते राहीत उतरलं यात नवल काही नव्हतं. नवल पुढे झालं.

राही नऊ वर्षांची असताना शाळेच्या गॅदरिंगला नाचली. साहेबांच्या बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गंगारामाला बंगल्यावर बोलावलं आणि म्हणाल्या, "गंगाराम, हिला शरयूताईंच्या भरतनाट्यमच्या क्लासला घाल. अशी मुलगी वाया घालवू नये."

घाल म्हणणाऱ्याचं काय जातं? पण साहेबीणबाईंचा शब्द होता, आणि खरं सांगायचं तर गंगारामाच्या मनातलाच होता. शिपायाच्या पोरीला पाहून कोणीतरी वाया हा शब्द वापरला होता. म्हणजे ती काहीतरी किमतीची होती. त्या आनंदात त्याने फी किती हे विचारलंसुद्धा नाही.

फी म्हणजे नुसती वेशीवरची जकात होती, खरा बाजार आत होता. आधी घुंगरं आली. मग सरावाची साडी. मग दर वर्षी नवा पोशाख, कारण पोरगी वाढते आणि पोशाख वाढत नाही. मग अंबाड्याला गंगावन, कपाळाचे दागिने, पायाला आलता. मुंबईहून मृदंगवाले येत, त्यांच्या भाड्यात वाटा. तुळसा, म्हणजे गंगारामाची बायको, दर वेळी विचारायची, "आता हा शेवटचा ना?" आणि गंगाराम दर वेळी मान डोलवायचा. दुसऱ्या वर्षी त्याने सायकल विकली. कचेरीत विचारलं तर म्हणाला, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

पैशाचं एकवेळ सोसलं असतं. पण क्लासला पोरीला सोडायचं आणि आणायचं हे एक वेगळंच लचांड होतं. सहाला सुटणारा क्लास साडेसातला सुटायचा. बाकीच्या मुलींच्या आया आत झोपाळ्यावर बसायच्या. त्यांना कोणी मज्जाव केला नव्हता, तसा गंगारामालाही केला नव्हता. पण तो आपला पडवीच्या पायरीवर, चपलांशेजारी बसायचा. आतून बोलणं ऐकू यायचं. कोणाची मुलगी पुढच्या रांगेत, कोणाची मागच्या, आणि का. डॉक्टरीणबाईंची मुलगी ताल चुकली तरी पुढे. राही चुकत नव्हती, तरी तीन वर्षं मागच्या रांगेत, डावीकडून शेवटची. गंगारामाला ते सगळं कळायचं. पण बोलणार कोणाशी?

त्यात भर म्हणजे क्लासचा वार्षिक कार्यक्रम नवरात्रात, आणि त्याच्या तालमी ऐन गणपतीत. कोकणातल्या माणसाला गणपतीत गावी जाऊ नको म्हणणं म्हणजे काय, हे शरयूताईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांचा नेम म्हणजे नेम. गंगाराम चतुर्थीला जायचा आणि दीड दिवसाचा गणपती पाण्यात जाताच पोरीला घेऊन संध्याकाळच्या एसटीने परतायचा. फणसवाडीची जाखडी त्याच्यावाचून उभी राहायला लागली. चार वर्षांत त्याचे स्वतःचे पाय आखडून गेले, आणि हे त्याने तुळसालासुद्धा सांगितलं नाही.

या सगळ्यावर कडी होती ती तिकिटांची. कार्यक्रमाला प्रत्येक मुलीच्या घरच्यांनी वीस तिकिटं खपवायची. न खपवली तर काय, हे शरयूताई कधीच बोलल्या नाहीत, पण झोपाळ्यावरच्या बायका बोलायच्या. बरं, शिपाई कोणाला विकणार? साहेबांना डॉक्टरीणबाईंनी आधीच दिलेली असायची. कारकून म्हणायचे, "गंगाराम, तुझ्या मुलीचा नाच फुकट दाखव, मग बघू." तीन वर्षं त्याने लोकांच्या पाया पडून सात तिकिटं विकली आणि उरलेली स्वतःच घेतली. सभागृहात राहीच्या नावाच्या बारा खुर्च्या रिकाम्या असायच्या, आणि तेराव्या खुर्चीत तुळसा बसायची. गंगाराम तिथेही बाहेर पायरीवरच.

चौथ्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, शरयूताईंनी त्याला पायरीवरून आत बोलावलं. बस म्हणाल्या. तो बसला नाही.

"या वर्षी राही एकटी नाचेल. पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "मुंबईहून माझ्या गुरुबाई येणार आहेत. त्यांना ती पसंत पडली तर पुढचं शिक्षण त्या देतील, फी न घेता. मी उगाच कोणाला चढवत नाही, गंगाराम. मुलगी खरोखर चांगली आहे."

गंगाराम घरी आला आणि जेवलाच नाही. चार वर्षांची पायरी, विकलेली सायकल, हुकलेले गणपती, सगळं त्या पाच मिनिटांनी फिटणार होतं. आता वीसच्या वीस खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्यात, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. आणि त्याला फणसवाडी आठवली. इतकी वर्षं कशी आठवली नाही, याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

भागोजीकाकाने घरोघर फिरून, स्वतःला धरून, अठरा माणसं जमवली. "आपली पोर रत्नांग्रीत यकटी नाचतंय," एवढंच तो सांगत होता. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारच्या एसटीने सगळे उतरले. बाप्ये धुतलेल्या सदऱ्याटोप्यांत, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. सभागृहात तिसऱ्या आणि चौथ्या रांगेत ती माणसं अंग चोरून बसली. शहरातली माणसं वळून वळून बघत होती. गंगाराम तुळसासोबत रांगेच्या टोकाला बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो कार्यक्रमाला पायरीवर नव्हता.

राही आली. मंचाच्या कडेला शरयूताई लाकडी ठोकळा आणि काठी घेऊन बसल्या होत्या. त्या बोल म्हणत, काठीने ताल देत, आणि त्यावर राही नाचत होती. कशी नाचली हे कोणी गंगारामाला विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं. आपली तेरा वर्षांची, कानात तेल घालून घ्यायला रडणारी पोर ती हीच, यावर त्याचा विश्वास बसेना. फणसवाडीची माणसं श्वास रोखून बसली होती.

मधे एका ठिकाणी नाच थांबतो. बोल बंद, मृदंग बंद, नाचणारी एका पायावर मूर्तीसारखी उभी. तेवढ्या वेळात प्रेक्षकांनीही निमूट बसायचं असतं. हे झोपाळ्यावरच्या बायकांना ठाऊक. फणसवाडीला कुठून ठाऊक असणार?

जाखडीत नाच असा थांबला की बक्षीस यायचं. कोणीतरी उठणार, रुपया-दोन रुपये शाहिराच्या हातात देणार, आणि शाहीर नाव घेऊन ते पुकारणार. बक्षीस आलं नाही तर नाच पडला, नाचणाऱ्याची अब्रू गेली. पिढ्यान् पिढ्यांची रीत ही. भागोजीने वाट पाहिली. इकडेतिकडे पाहिलं. एवढी तीनशे माणसं बसलेली, आणि एकाचाही हात खिशात जाईना.

"जल्ला ह्यांचा मोठेपण," भागोजी पुटपुटला आणि उठला.

गंगारामाने त्याला उठताना पाहिलं. त्याला थांबवता आलं असतं, काका चार हातांवर होता. पण थांबवायचं त्याला सुचलंच नाही, कारण त्याचा स्वतःचा हात त्याच क्षणी खिशात गेला होता. चार वर्षं पायरीवर बसून त्याने सगळे बोल पाठ केले होते, पण ही एक गोष्ट त्याच्यातून गेली नव्हती.

म्हातारा बाजूच्या पायऱ्यांनी मंचावर चढला. पाच रुपयांची नोट त्याने राहीवरून ओवाळली, दृष्ट काढतात तशी. मग जाऊन ती शरयूताईंच्या पुढ्यात, ठोकळ्यावर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पुकारा बाय. फणसवाडीच्या भागोजीकडनं पाच रुपये!"

आणि तो तिथेच उभा राहिला. पुकारा ऐकल्याशिवाय खाली उतरायची रीत नाही.

आधी एक हसला, मग सगळं सभागृह हसलं. मागून कोणीतरी शिट्टी मारली. "अजून येऊ द्या!" कोणी ओरडलं, आणि फणसवाडीच्या आणखी दोघातिघांना ते खरंच वाटलं. ते नोटा काढून पायऱ्यांकडे निघाले. पहिल्या रांगेतल्या गुरुबाई उठून बाहेर गेल्या. शरयूताईंच्या हातातली काठी तशीच राहिली. राही एका पायावर उभी होती. तिने पाय खाली टेकला, बापाकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली. पडदा पडला.

भागोजी खाली आला तो खुशीत होता. "लाजली पोर," तो म्हणाला. शेवटच्या एसटीची वेळ झाली होती. गंगारामाने सगळ्यांना स्टँडवर नेऊन बसवलं आणि त्यांना काही म्हणजे काही कळू दिलं नाही. एवढी एक गोष्ट त्या दिवशी त्याला जमली.

दुसऱ्या दिवशी तो शरयूताईंकडे गेला आणि कोणी न सांगता त्यांच्या पायांशी वाकला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दहा वर्षं मी या गावाला सांगतेय, की हा पैसे उडवायचा नाच नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांनी मला घुंगरं बांधू दिली नव्हती, ती याच कारणाने. काल गुरुबाईंसमोर तुमच्या माणसाने माझ्यापुढे नोट ठेवली. लोक शिट्ट्या मारत होते."

"आमच्यात ती रीत हाय, ताई. मायेनं दिलान त्यानं."

"असेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि गंगारामाला त्यांचाही राग येईना. राग यायला कोणीतरी वाईट लागतो. "राहीला मी काढणार नाही. तिचा काही दोष नाही. गुरुबाईंचं मात्र आता विसरा. आणि हे बघा, यापुढे तुम्हाला तिकिटांची सक्ती नाही. तुम्ही तिकिटं विकूच नका."

चार वर्षं ज्या ओझ्याखाली तो वाकला होता, ते असं उतरलं. रस्त्याने येताना त्याला वाटलं, वीसच्या जागी चाळीस तिकिटं दिली असती तर बरं होतं.

घरी राही भिंतीकडे तोंड करून बसली होती. क्लासला ठेवून घेतलंय म्हटल्यावर तिने मान हलवली. मग म्हणाली, "बाबा, पुढल्या वर्षी तुम्ही पण नका येऊ. आईला पाठवा."

"बरं," गंगाराम म्हणाला.

पुढच्या वर्षी गणपतीला तो एकटाच फणसवाडीला गेला. राहीची तालीम होती. ती पुन्हा मागच्या रांगेत होती. भागोजीकाका ओटीवर त्याची वाटच बघत होता.

"तिकिटां आणलंस?" काकाने विचारलं. "औंदा तीस माणसां तयार हायत. बायकांनी तर आत्तापासून जीव खाल्लान."

गंगारामाने खाली पाहिलं. रत्नागिरीहून निघाल्यापासून तो हे वाक्य घोकत आला होता. "क्लास बंद झाला, काका. राहीनं नाच सोडलान."

वाडीत कोणीतरी ढोलकी चढवून बघत होतं.

"सोडलान?" म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता. "गंग्या, खरा सांग. पाच रुपये कमी पडले काय रं? त्या दिशी खिशात तेवढेच व्हते. आमच्यानं पोरीचा मान नाय झाला, म्हनून सोडलान ना तिनं?"

"नाय काका," गंगाराम म्हणाला. "तसा काय नाय."

पण म्हाताऱ्याला ते पटलं नाही. तो मान हलवत राहिला.