पार्किंगखालचे बेडूक

ताई गेली तेव्हा मी टावर चौकात मोसंबीच्या रसासाठी उभा होतो. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिने तोंडाने काही मागितलं होतं, म्हणून फ्रीगंजच्या दवाखान्यातून पायीच धावत निघालो होतो. रसाची पिशवी हातात पडली आणि बायकोचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "हळू या. आता घाई नाही." त्याला पाच आठवडे झाले... ती पिशवी मी कुठे ठेवली, अजून आठवत नाही.

माझी थोरली बहीण, डॉ. वसुधा, इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेला सगळा वेळ बेडूक, सरडे नि सापांना द्यायची. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी उज्जैनला आले तेव्हा ती चौथीत होती. पुढे कुणाच्या घरात साप निघाला की ‘सापवाली मैडम’ला बोलावणं यायचं, पण तिचा खरा जीव होता एका लहानशा, गुबगुबीत बेडकात. पावसाळ्याचे दोन-तीन महिने हा बेडूक पाण्याशी येतो. ओल सरली की मागच्या पायांनी माती उकरत उलटा जमिनीत शिरतो, तो पुढच्या पावसापर्यंत तिथेच. शहराबाहेरच्या एका तळ्यावर एकोणीस वर्षं तिने त्याचा अभ्यास केला. मी बँकेत, सुटीच्या दिवशी तिला स्कूटरवर न्यायचो आणि बांधावर पेपर वाचत बसायचो. ती गुडघाभर चिखलात उभी राहून, डोळे मिटून ऐकायची आणि नुसत्या आवाजावरून कोणता बेडूक ते सांगायची. मला सगळे सारखेच ऐकू यायचे. "बँकेत तुला सगळी गिऱ्हाइकं सारखीच दिसतात का रे?" असं विचारायची.

मग एका उन्हाळ्यात ते तळं बुजवून यात्रेकरूंच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं ठरलं. ताईने अर्ज केले, ऑफिसांमधून तासन्‌तास बसून राहिली. सगळीकडे तिला चहा मिळाला आणि पुढच्या टेबलाकडे जायला सांगण्यात आलं. जेसीबी आल्याचं कळलं त्या सकाळी आम्ही दोघं गेलो. तळं कोरडं ठणठणीत, भेगाळलेलं. मुकादम भला माणूस होता. त्याने मशीन थांबवलं, ताईला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मैडम, यहाँ तो एक बूँद पानी नहीं है. मेंढक कहाँ हैं?"

"नीचे हैं," ताई म्हणाली. "सोए हुए हैं."

"कितने होंगे?"

इतक्या वर्षांत कितीदा तिने ते मोजले असतील, पण त्या सुक्या मातीवर उभं राहून तिला आकडा सांगता येईना... तिने पिशवीतून खुरपं काढलं आणि खणायला बसली. मीही बसलो. मुकादमाने अर्धा तास दिला, मग आपणहून आणखी अर्धा. सात बेडूक निघाले, ढेकळांसारखे, डोळे मिटलेले. ते ओल्या फडक्यात घेऊन आम्ही बाजूला झालो आणि मुरूम पडायला लागला. परतताना स्कूटरवर मागून ती एवढंच म्हणाली, "वर काय चाललंय, त्यांना कळतही नसेल रे." ते सात तिने दुसऱ्या एका डबक्याकाठी सोडले. जगले की नाही, कळलं नाही.

चार वर्षांनी तिच्या पोटातली गाठ कळली. डॉक्टर समजावून सांगायचे आणि मी मान हलवायचो. मग तिच्या उशाशी पेपर घेऊन बसायचो, आणि तीच मला म्हणायची, जा, जेवून ये.

ती गेल्यावर खोली आवरताना एक रजिस्टर सापडलं. पार्किंग झाल्यावरही दर पावसाळ्यात ती ऑटोने एकटीच तिथे जात होती, हे मला तेव्हा कळलं. तळ्याचं नाव, तारीख, वेळ, बेडकाचं नाव असे रकाने, आणि प्रत्येक ओळीत ‘आवाज नाही’. मागच्या आठवड्यात पाऊस उघडल्यावर संध्याकाळी मी तिथे गेलो. बसगाड्यांच्या रांगेत छत्री मिटून उभा राहिलो. कडेच्या नालीतून एक आवाज आला... थांबला, पुन्हा आला. मी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. तिचा तोच बेडूक, की दुसरा कुठला, मला सांगता येईना. घरी येऊन रजिस्टरात तारीख लिहिली, वेळ लिहिली, ‘आवाज आहे’ असं लिहिलं. बेडकाच्या नावाचा रकाना तेवढा कोरा राहिला.