शून्यापासून नको, वहिनी

वहिनीला प्रोग्रामिंग शिकवायचं म्हणजे माझ्याच जिवाची परीक्षा. जळगावला मी कॉम्प्युटरचे क्लास घेते, पोरांवर ओरडून ओरडून घसा बसलाय. पण ही पडली भावजय, हिच्यावर ओरडायची चोरी. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिने धुळ्याच्या कॉलेजात डिप्लोमाला नाव घातलं आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला नापास झाली. आमचे आबा, म्हणजे तिचे सासरे, म्हणाले, "आते शेवटली बारी. नही जमनं ते घर ऱ्हाय." म्हणून मी दर रविवारी शिंदखेड्याला, माहेरी, जायला लागले.

धडा होता यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधायचा. वहिनी आधी शून्य धरायची, मग एकेक संख्या त्याच्याशी ताडून बघायची, मोठी निघाली की ती धरायची. उत्तर बरोबर यायचं हो! मग मी खोडी काढली. गावातल्या विहिरींचं पाणी किती फूट खाली आहे ते तिला दिलं. जमिनीखाली, म्हणून सगळेच आकडे उणे. उणे चाळीस, उणे पंचवीस, उणे तीस. प्रोग्रामने उत्तर दिलं, शून्य.

"अगं बाई! शून्य म्हणजे पाणी काठाला! शिंदखेड्यात, भर मे महिन्यात? वहिनी, तुझ्या तोंडात साखर पडो!"

ती हसली नाही. "ताई, माझ्या डोक्यात नाहीच शिरणार हे," म्हणत स्वयंपाकघरात गेली. मला मेलीला कुठून चेष्टा सुचली असं झालं. मी मागोमाग गेले, तर ती मी आणलेल्या भरताच्या वांग्यांतून सगळ्यात मोठं निवडत होती. एक उचललं, शेजारचं त्याहून मोठं दिसलं, तसं हातातलं ठेवून ते घेतलं.

"थांब! आधी हातात काय धरलं होतंस?"

"वांगं."

"कुठलं?"

"ढिगातलंच की, पहिलं..." आणि वांगं तिथंच टाकून ती कॉम्प्युटरकडे पळाली. भरीत त्या दिवशी चार वाजता झालं.

परीक्षेत सरांनी विचारलं, शून्यापासून सुरुवात का नाही केली? वहिनी म्हणाली, "सर, जे यादीतच नाही, ते यादीतलं मोठं कसं ठरेल?"

पास झाली माझी बाई! निकाल सांगायला ती आबांसमोर उभी राहिली तेव्हा मीच देव पाण्यात ठेवल्यासारखी बसले होते. आबा म्हणाले, "उद्यापाईन सकायना चहा मी करसू. तू तुनी कालेजनी गाडी धर."

नापास झाली तेव्हा वहिनी रडली नव्हती. आता मात्र पाया पडायला वाकली ती तिथेच बसून हमसून हमसून रडली.