चूर्ण म्हणजे गोळी थोडीच!

वारंगा फाट्यावर माझं मेडिकल आहे. एका फडताळात डॉक्टरच्या गोळ्या, दुसऱ्यात चूर्ण, काढे, रस. असल्या दुकानात वीस वर्षं बसलं की किस्से आपोआप साठतात. बाकीचे मी हसत सांगतो. मामांचा मात्र शेवटी सांगीन, धीर झाला तर.

* * *

आमच्याकडचे एक गुरुजी शुगरची गोळी घ्यायचे. मीच त्यांना कारलं-जांभळाचा रस दिला. म्हटलं, सोबत घ्या, झटक्यात उतरेल!

उतरली की, नको तितकी. आठ दिवसांनी दुकानातच स्टुलावर बसले आणि दरदरून घाम. हात लटलट कापून राहिले. मी पळत जाऊन शेजारून चहा आणला. गुरुजी तशातही म्हणतात, "बिनसाखरेचा आहे ना?"

तीन चमचे साखर घालून पाजला. जरा तरतरी आली तर म्हणाले, "तुमच्या रसाला गुण आहे हो. अजून एक बाटली द्या."

लाज अशी, की माझा हात फडताळाकडे गेला होता.

* * *

एका आजीचं बीपी काही केल्या उतरेना. डॉक्टरनं डोस दोनदा वाढवला. दर खेपेला मी विचारायचो, दुसरं काही खाता का? आजी न्हाई म्हणायची.

एक दिवस बोलता बोलता तिनं गालातली काडी इकडून तिकडं केली. ज्येष्ठमध! खोकल्यासाठी दिवसभर चघळायची. त्यानं बीपी वाढतं. मी कपाळाला हात लावला, तर म्हणाली, "खात कुठं व्हय? नुसतं चघळते."

काड्यांची पुडी माझ्याच दुकानातली होती.

* * *

एक ड्रायव्हर थायरॉईडची गोळी आणि इसबगोल एकाच ग्लासात उरकायचा. गोळी त्या चिकट्यात अडकायची, अंगी लागायचीच न्हाई. वर्षभर मी त्याला दोन्ही एकाच पिशवीत घालून देत होतो.

हे घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुमी गिऱ्हाइकाला विचारता काय तर, 'कोणती गोळी चालू हाय?' चूर्ण म्हणजे गोळी थोडीच हाय!"

मी फार्मसी शिकलेला माणूस. हे मला तिनं शिकवलं.

* * *

आता मामा. नात्यातले नव्हेत, मेंढरंवाले. सगळा फाटाच त्यांना मामा म्हणतो. हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. ती माझ्याकडूनच न्यायचे. मेंढरांमागं चालून गुडघे धरले, तेव्हा मी हळदीच्या कॅप्सुलांची खुली पुडी दिली. आपल्या हिंगोलीची हळद, तिनं काय तकलीफ होणार? कॅप्सुलातला हळदीचा अर्क रक्त अजून पातळ करतो, हे मला शिकवलं होतं. तरी दिली.

महिन्याभरात हिरड्यांतून रक्त, मग नाकातून, थांबेचना. पोरानं नांदेडला नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर खाटेपाशीच होते. विचारून राहिले होते, गोळीशिवाय काय खाता?

मामांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हळद खातो साहेब. घरचीच."

डॉक्टर म्हणाले, भाजीतल्या हळदीनं एवढं होत न्हाई, दुसरं कारण शोधावं लागेल. मग अजून तपासण्या लिहिल्या. अजून तीन दिवस मामांच्या दंडात सुया. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. दुकान डोळ्यांपुढं आलं, लायसन आलं. तोंड उघडलं न्हाई.

बरे होऊन मामा फाट्यावर आले. गोळीची पट्टी देताना मी हळूच विचारलं, "मामा, त्या दिवशी माझं नाव काहून घेतलं न्हाई?"

मामांनी पट्टी मुंडाशात खोचली.

"तुझं नाव मी काहून घेऊ? तू तिथंच उभा होतास की. मी वाट बघून राहिलो होतो."