उलंगवाडी या शब्दाचा अर्थ

पुण्याच्या कॉलेजात निघाले तेव्हा सिंदीच्या स्टेशनावर मला सोडायला आई आली होती, बाबा नाही. पॅसेंजर हलली तरी मी गेटाकडेच बघत होते. आई खिडकीसोबत चालत म्हणाली, "वाट नको पाहू आता. पोचली का फोन करजो."

त्याला पंधरा वर्षं झाली. नोकरी, फ्लॅट, सगळं इथेच जमलं. 'मले'चं 'मला' कधी झालं तेही कळलं नाही. गावाकडचे उरलेले शब्द मी कवितेत घातले. शेताला वावर, बांधाला धुरा, कपाशीला पऱ्हाटी. इथे असे शब्द ऐकले की लोक माना डोलावतात, आणि खरं सांगते, मला ते आवडतं. सगळ्यात जास्त दाद एका ओळीला: उलंगवाडी झाली होती, तरी बाप स्टेशनावर आला नाही.

आता पुस्तक निघतंय. संपादकबाईंना शेवटी शब्दांची यादी हवी, अर्थ आणि उगमासकट. उलंगवाडीपुढे मी 'हंगामाचा शेवट. उल्लंघनावरून आला असावा' असं ठोकून दिलं. पण चैन पडेना. दोनदा गॅलरीत जाऊन आले, केलेला चहा तसाच राहिला. शेवटी बाबांना फोन लावला आणि ती कविता पहिल्यांदाच त्यांना वाचून दाखवली.

ते म्हणाले, "कुठून आला शब्द, मले नाई ठाव. पण कापसाचा आखरी वेचा झाला, वावर खाली झालं, ढोरं चराले सोडली, का उलंगवाडी. तू गेलती तवा पोळा तोंडावर होता. झडीनंतर दोन दिवस उघाड भेटली, पऱ्हाटीत डवरा चालू होता. वावर खाली असतं तं मी आलो नसतो काय?"

पावसाने उघडीप दिली की डवऱ्याने तण काढून घ्यायचं, नाहीतर पीक जातं, हे मला लहानपणापासून माहीत. तरी नादासाठी एक शब्द उचलला आणि बापाला रिकामा बसवून टाळ्या घेतल्या. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ओळ बदलून पाठवली: डवरा चालू होता, बाप आला नाही. संपादकबाई म्हणतात, कविता पडली. पडू दे.

गाव सोडून आलेल्यांनो आणि तिथेच राहिलेल्यांनो, इथे माझा शब्द चुकला तर कुणाचं काही बिघडत नाही. तिथे तो बाबांना लागला. म्हणजे माझं घर अजून तिथेच आहे.