ओकोसिंगोच्या पुढचा नाका

फिरायला गेलो होतो. कामाला नाही, मालकाच्या निरोपाला नाही, कोणाला आणायला-पोचवायलाही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढी एक गोष्ट लोकांना पटवताना माझा जेवढा घाम निघाला, तेवढा तंदूरपुढं उभं राहून निघाला नसेल.

माझं घर हिंगोली जिल्ह्यातल्या एका तांड्यावर, कनेरगाव नाक्यावरून पायी जाता येतं. शाळा सहावीत सुटली. त्या साली घरचे सगळे ऊसतोडीला गेले, मीही गेलो. परत आलो तोवर वर्गातली पोरं पुढं सरकली होती आणि लहान लेकरांत जाऊन बसायची मला लाज वाटली. मग नाक्यावरच्या एका ढाब्यावर राहिलो. ढाब्याच्या चाचांनी मला हाताला धरून तंदूर शिकवला, चटका बसला की स्वतःच्या दस्तीनं हात बांधला. त्यांची आठवण काढल्याशिवाय मी अजूनही भट्टी पेटवत नाही. ढाब्यावरून पुणं, आणि सन दोन हजार उलटल्यावर पुण्याहून थेट मेक्सिको शहर. तिथं एका भारतीय खानावळीत नान लावायला माणूस पाहिजे होता.

दोन-तीन वर्षं मी ते शहर खानावळीच्या मागच्या दारातून पाहिलं. मग मालकानं स्वयंपाकघराची फरशी उखडायला घेतली आणि आम्हाला सुट्टी मिळाली. बाकीचे झोपा काढू लागले. मी रस्त्यावरच्या बाजारातून पाठीवरची एक पिशवी आणली, गोरी पोरं घेऊन फिरतात तसली.

आमचा मोठा आचारी गढवालचा, आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. पिशवी पाहून तो खाटेवर उठून बसला.

“गाव जा रहा है?”

“नाही उस्ताद, दक्षिणेकडं. फिरायला.”

“घूमने? तू?” तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “अबे, घूमने गोरे लोग जाते हैं. तेरी शकल देखके तो पुलिस पहले तुझे उतारेगी.”

“उतरीन ना. पाय हायेत मला.”

मग त्याला माझी काळजी वाटली असावी. म्हणाला, “सुन. कोई पूछे तो बोलना, सेठ ने मिर्ची लाने भेजा है. काम का नाम ले, कोई नहीं रोकता.”

घरी फोन लावला. नाक्यावरच्या एसटीडी बूथवर दादा आला होता, याडीला घेऊन. आमच्यात आईला याडी म्हणतात.

“काहून चाल्ला तिकडं?” दादा म्हणाला.

“पाहायला.”

“काय हाय तिथं पाहायला?”

“म्हाईत न्हाई. म्हनून तर जाऊन राहिलो.”

“खरं सांग, काम सुटलं का तुझं?”

“न्हाई दादा, सुट्टी हाय.”

“सुट्टीत मानूस घरी येतो. तिकडं काई झालं तर आमाला कोन सांगंल?” त्याचा आवाज चिडका होता, पण मला कळलं की तो घाबरलाय. घाबरलो तर मीही होतो. मग याडीनं फोन घेतला. ती जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “कागदं शिवून घे रे लेकरा.”

हे शिवून घेणं आमच्या हाडात आहे. ऊसतोडीला निघताना तांड्यावरच्या बायका घरच्या माणसांच्या बंडीला आतून चोरखिसा लावतात. जे सांभाळायचं ते त्यात घालून खिशाचं तोंडही शिवून टाकायचं. मग तो खिसा घरी परत आल्यावरच उसवायचा, मध्ये कुठंच नाही. आमच्या बायकांचा टाका असा बारीक आणि घट्ट की नखानं निघत नाही. मी याडीसारखा टाका घातला. पासपोर्ट आणि काम करायच्या परवान्याचं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बंडीच्या आत शिवलं, दुहेरी दोऱ्यानं, आणि निर्धास्त झालो. निर्धास्त म्हणजे काय, दर थोड्या वेळानं छातीवर हात ठेवून आहे का पाहायचो. शेजारी बसणाऱ्यांना वाटत असेल, ह्याला हृदयाचा आजार आहे.

पहिलं गाव वाहाका. बाजारात शिरलो तर धुराच्या वासानंच पोट खवळलं. थाळ्याएवढी मक्याची पातळ भाकर, निखाऱ्यावर कडक केलेली, वर घेवड्याचा लगदा आणि चीज. त्यांचं ते काळं कालवण चाखलं आणि हसू आलं. मिरच्या पार करपेपर्यंत भाजलेल्या, तीळ, दालचिनी, लवंग. आमच्याकडच्या काळ्या मसाल्याचा नातेवाईकच, फक्त त्यात कोको घातलेला. एक बाई टोपलीत तळलेले नाकतोडे विकत होती, लिंबू-मीठ लावून. खाल्ले. कुरकुरीत, आंबट, चांगले होते. तांड्यावर अजून सांगितलेलं नाही.

प्रत्येक बाजारात मी थोड्या सुक्या मिरच्या घेत गेलो, याडीसाठी. पासिया म्हणून एक लांब सुरकुतलेली काळी मिरची, दुसरी लाल आणि गोल, हलवली की खुळखुळते. याडीला दाखवायचं होतं की बघ, इथंही आपल्यासारखीच माणसं आहेत, डोळ्यात पाणी येईपर्यंत खाणारी.

वाहाकाजवळच एका गावात देवळापुढं एक झाड आहे. त्याच्या बुंध्याला अख्खा तांडा हात धरून उभा राहिला तरी वेढा पुरा होईल की नाही शंका. त्याच्याखाली मी दुपारभर बसलो. कोणी विचारलं नाही काय करतोस. पुढं चियापास प्रांतात होडीत बसून एक घळ पाहिली. दोन्हीकडून कडे एवढे उंच चढलेले की मान मोडते, आणि काठावर मगरी तोंड वासून पडलेल्या. आमच्या कयाधू नदीत उन्हाळ्यात म्हशीसुद्धा बुडत नाहीत. होडीत मी भीतीनं लाकूड घट्ट धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, सहावी सुटलेल्यानं पण पाहिलं बरं का.

सान क्रिस्तोबाल हे थंडीचं गाव. तिथं डोंगरातल्या बायका बाजाराला येतात. त्यांच्या अंगावरचं लाल-निळं भरतकाम पाहून मी एका बाईच्या मागं एवढा वेळ उभा राहिलो की तिनं वळून मला झापलं. मी हात जोडले. कसं सांगणार की आमच्या याडीच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, अशीच फुलं आहेत, फक्त त्यात आरसे लावलेले?

तिथून निघालो ते आग्वा आसूलच्या धबधब्याला. उस्ताद म्हणतो ते खोटं ठरवायचं तर तिथवर पोचायलाच हवं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. निळ्या पाण्याचं ते चित्र मी खानावळीत एका कॅलेंडरवर पाहिलेलं.

ओकोसिंगो गाव मागं पडलं आणि वळणावर नाका आला. त्या भागात मागे उठाव झाला होता, म्हणून रस्त्यावर लष्कर बसलेलं असायचं, सोबत परदेशी माणसांचे कागद पाहणारे अधिकारी. एक अधिकारी गाडीत चढला. पुढं बसलेल्या दोघा गोऱ्यांचे पासपोर्ट त्यानं उघडले न उघडले, ‘मजा करा’ म्हणून परत दिले. मग माझ्यापाशी आला.

“ग्वातेमाला?” सरहद्दीपलीकडच्या त्या देशातून लपून येणाऱ्यांतला समजला मला.

“इंडिया.”

“कागद.”

मी सदऱ्यात हात घातला. टाका निघेना. ओढलं, निघेना. दातानं तोडायला मान वाकवली तर दात पोचेनात. सगळी गाडी बघू लागली. अधिकारी म्हणाला, “खाली ये.” पिशवी घेऊन उतरलो. रस्त्याच्या कडेला सदरा काढून बंडीवर उभा राहिलो, आणि एका शिपायानं चाकू दिला. तो खिसा उसवताना मी त्यांच्या डोळ्यांत जे पाहिलं ते अजून विसरलो नाही. कागद कातड्याजवळ शिवून फिरतो, म्हणजे हा लपवतोय. आमच्याकडं जी सांभाळायची रीत, ती इथं चोराची.

कागद निघाले, घामानं मऊ झालेले. अधिकाऱ्यानं परवान्याचं पुस्तक चाळलं.

“मेक्सिको शहरात आचारी. मग इथं काय करतोस? परवाना त्याच खानावळीचा आहे. दुसरीकडं कामाला चाललास?”

“नाही साहेब. फिरायला.”

“फिरायला!” तो शिपायाकडं पाहून म्हणाला. “आचारी फिरायला निघालाय.”

त्यांनी पिशवी ओतली. दोन सदरे, एक टॉवेल, साबण, आणि मिरच्यांच्या पुड्या. अधिकाऱ्याचा चेहरा एकदम सैल पडला.

“असं सांग ना. मालकानं मिरची आणायला पाठवलंय.”

मी हो म्हणालो असतो तर संपलं होतं. गाडी अजून उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. उस्तादाचे शब्द मला आठवत होते. पण त्या दोन गोऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं की तुमच्या मालकाचं काय काम आहे. मला डोळे नव्हते का? पाहायचं असेल तर कामाच्या नावाखालीच पाहायचं का?

“नाही,” मी म्हणालो. “मिरच्या आईच्या आहेत. मला कोणी पाठवलेलं नाही. मी फिरतोय.”

त्यानं गाडीला हात केला. गाडी गेली.

मला बाकावर बसवलं आणि पुस्तकावरचा नंबर पाहून त्यानं खानावळीत फोन लावला. उस्तादानंच उचलला असणार, कारण थोड्या वेळानं अधिकारी फोन झाकून माझ्याकडं वळला. “तुमचा माणूस म्हणतोय, त्यानंच तुला मिरचीला पाठवलं. खोटं कोण बोलतंय, तू की तो?”

उस्ताद बिचारा मला वाचवत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच्या मायेनं आणि माझ्या संतापानंही.

“तो बोलतोय,” मी म्हणालो. “त्याला माझी काळजी आहे म्हणून बोलतोय. मी फिरायला आलोय.”

“मूर्ख आहेस. तो तुला सोडवतोय.”

“असेन. पण फिरायला आलोय.”

त्यानं फोन ठेवला. “बरं. काय काय पाहिलंस?”

माझी भाषा स्वयंपाकघरातली. झाड कसं सांगणार? हात पसरून, बाकाभोवती चालून दाखवलं. मगरी दाखवल्या. मग खाणं सांगितलं, ते मात्र मला बराबर येत होतं. वाहाकाच्या काळ्या कालवणात काय काय होतं ते एकेक सांगत गेलो. शिपाई मध्येच म्हणाला, चियापासची पानातली मक्याची वडी खाल्ली का? म्हटलं, खाल्ली, पण त्यात चिपिलिनचा पाला जास्त झाला होता. तो भडकला. “कुठं खाल्लीस? स्टँडवर? स्टँडवर कोणी खातं का!” अधिकाऱ्याला हसू आवरेना. हसला म्हणून सोडलं असं नव्हे. त्याला माझ्याविरुद्ध काही सापडलंच नव्हतं, कारण नव्हतंच. कागद परत देत म्हणाला, “जा. पण पुढच्या नाक्यावरही उतरवतील.”

“उतरीन,” मी म्हणालो.

नाक्याजवळ एक म्हातारी बादलीतून शिपायांना पिण्यासारखं काही विकत होती. मला तिनं भोपळ्याच्या वाटीत भरून दिलं. मक्याचं पीठ हातानं पाण्यात कालवलेलं, आंबलेलं, सोबत मीठ आणि मिरची. आंबील, दुसरं काय. पैसे पुढं केले तर तिनं माझ्या उसवलेल्या बंडीकडं बोट दाखवलं, हातानं सुई चालवल्यासारखं करून हसली, आणि पैसे घेतले नाहीत. मी वाकून तिच्या पायाला हात लावला. ती दचकून मागं सरली. शिपाई परत हसले. हसू दे.

मक्याच्या पोत्यांवर बसून एका ट्रकमधून धबधब्यापर्यंत गेलो. पाणी खरंच निळं होतं, चित्रापेक्षा जास्त. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं, मध्ये डोह, डोहाकाठी झाडं पाण्यात पाय सोडून. मी बंडीसकट आत शिरलो आणि काठाची मुळी धरून गळ्यापर्यंत बसलो. पोहता येत नाही मला. तरीही आनंद झाला, आणि तो सांगायला जवळ कोणी नव्हतं याचं थोडं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर उभा राहिलो. एक गाडी परतीची, सान क्रिस्तोबालकडं. दुसरी पुढं पालेंकेला, जंगलातल्या जुन्या देवळांच्या गावाला. पुढं नाका आहे हे मला माहीत होतं. कागद सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवले होते, कोणालाही दिसतील असे. परतीची गाडी आधी आली. कंडक्टर दारात लटकून ओरडला, येतोस का? मी नको म्हणून मान हलवली. ती धूळ उडवत गेली, आणि मी पुढच्या गाडीची वाट पाहत पिशवीवर बसून राहिलो.