बॅटरीच्या खोक्यातला पालक

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणत. धंदा शिवणकामाचा. पुढच्या खोलीत मशीन, आणि मशीनवर मात करणारा तिचा आवाज. कपडे न्यायला कुणी उशिरा आलं तर ओरडणार, लवकर आलं तर "कुठे आग लागली होती का?" म्हणून ओरडणार. लोक हसायचे आणि पुन्हा तिच्याकडेच कपडे टाकायचे, कारण तिची शिवण उसवत नसे. तिचं बोलणं मात्र कुणी मनावर घेत नसे. नेमकं तेच पुढे नडलं.

मागच्या अंगणात दिराचा धंदा होता. इन्व्हर्टरच्या, गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या टेम्पोने यायच्या. दीर आणि तिचा नवरा कुऱ्हाडीने त्यांची झाकणं फोडायचे, ॲसिड गटारात ओतायचे, आतलं शिसं कढईत वितळवून त्याच्या लाद्या पाडायचे. धूर जाईल तिकडे जायचा. मागे उरणारी प्लास्टिकची खोकी चांगली दणकट, शिवाय फुकटची. सासूबाईंनी त्यांत माती भरून पालक लावला. त्यांचं बघून अख्ख्या गल्लीने लावला. दारोदार काळी खोकी आणि वर हिरवागार पाला. केवढं कौतुक त्याचं!

तोफेची मुलगी चिमणी पाच वर्षांची. पोट दुखतं म्हणून ती रडू लागली. चेहरा पांढरा पडला, पाठ असलेली गाणी अर्ध्यात विसरू लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पापणी ओढून पाहिली न पाहिली, "रक्त कमी आहे, पालेभाज्या द्या," म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. झालं! तोफेने रोज पोरीला मांडीत दाबून पालक भरवला. सासूबाई आपल्या हाताने कोवळी पानं खुडून द्यायच्या. पोरगी आणखीच सुकली.

शेवटी तिने मोठा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं आणि विचारलं, "घरी काम कसलं करता?"

"मी शिवते."

"आणि बाकीचे?"

तोफेने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हिच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे. खायला काय देता?"

परतीच्या वाटेवर तोफ पोरीला कडेवर घेऊन चालली. पाच वर्षांची पोर कडेवर जड लागायला हवी होती. लागत नव्हती.

घरात पाऊल टाकलं ते थेट मागच्या अंगणात. "भावजी, ती कढईखालची भट्टी विझवा."

"सुटला गोळा," दीर भावाकडे बघून हसला. "काय वहिनी, आज कुणाचं बटण तुटलं?"

"चिमणीच्या रक्तात शिसं निघालंय. ह्या कढईतलं. ह्या मातीतलं."

"काहीतरीच! आम्ही इतकी वर्षं ह्या धुरात उभे आहोत. आमच्या डोक्याला काही झालंय का?"

"आधी काही होतं का तिथे, गेलेलं कळायला?"

"अगं हळू," नवरा म्हणाला. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! त्यांचीही पोरं हाच धूर खातात."

तिने पालक मुळासकट उपटला. सासूबाई धावल्या, "अगं, पाल्याने काय घोडं मारलंय तुझं?" तोफेने खोकं उचललं, नाल्याकडे निघाली आणि मध्येच थबकली. नाल्याच्या खालच्या अंगाला वस्ती होती.

"कचऱ्याच्या गाडीत टाक आणि मोकळी हो," सासूबाई म्हणाल्या.

"आणि गाडी कुणाच्या दारात ओतणार?"

खोकं हातातच राहिलं. विष घरात आणायला कुणाला विचारावं लागलं नव्हतं; बाहेर काढायला जागा नव्हती. तिने ते कोपऱ्यात ठेवलं, वर ताडपत्री टाकली आणि दगड ठेवला.

रात्री जेवताना दीर नरमला. "बरं बाई, भट्टी हलवतो. टेकडीमागे मोकळी जागा आहे. चार झोपड्या, बाकी कुणी नाही."

"झालं ना मनासारखं?" नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

खरं तर झालं होतं. तिची पोरगी वाचत होती. हो म्हणायला तिने तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं ते, "झोपड्यांत काय दगड राहतात?"

दुसऱ्या दिवशी भरलेला टेम्पो आला. तोफ पुढे चढून ड्रायव्हरशेजारी बसली. "बॅटरी न फोडता, ॲसिडसकट घेणारा सरकारमान्य कारखाना कुठे आहे?"

"नदीपलीकडे. पण ताई, मालक—"

मालक टेम्पोपुढे येऊन उभा राहिला होता. "वहिनी, उतरा. माल माझा आहे."

"पोरगी माझी आहे." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुमची. गाडीपुढे उभं राहायचं का गाडीत बसायचं, बघा."

नवऱ्याने हातातली कुऱ्हाड खाली टाकली. भावाला दंडाला धरून बाजूला केलं आणि मागच्या बॅटऱ्यांवर जाऊन बसला.

भावाशिवाय भट्टी चालेना. आता दीर अख्ख्या बॅटऱ्या गोळा करून कारखान्यात पोचवतो, आणि वहिनीने पोटावर पाय दिला म्हणून गावभर सांगतो. तिच्याशी बोलत नाही. तिचं काही अडत नाही. चिमणीच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरतंय. विसरलेलं परत येईल का, ह्यावर डॉक्टरीणबाई फक्त "बघू" म्हणतात. ह्या "बघू"ने तोफेच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गल्लीतला पालक मात्र अजून डोलतोय. ती घरोघर सांगत फिरते, लोक हसतात. परवा शेजारीण म्हणाली, "आमच्या पोराला कुठे काय झालंय?"

"रक्त तपासलंस?"

"नाही बाई."

"मग तुला सांगितलं कुणी?"

उत्तराची वाट न बघता तोफेने त्या पोराचा हात धरला आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली. शेजारीण एका पायात चप्पल घालून, शिव्या देत मागून पळत होती. तोफेने वेग कमी केला नाही. शिव्या देत का होईना, आई येत होती.